पाडव्याची कागदी गुढी, पळस, कोकीळ आणि भिरभिरं: लहान मुलांबरोबरच्या कागदकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जेमतेम पन्नास दिवस असतात. तेवढ्यात होळी, रंगपंचमी, पाडवा आणि चैत्रगौर येऊन जातात, बाहेर पळस-पांगारा फुललेला असतो आणि सुट्टीही लागते. मुलांना घेऊन कागदकाम करायला मला वर्षातला हा काळ सगळ्यात आवडतो. बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. पालक आणि आजी-आजोबा पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत.

कागदकाम कोणत्या वयापासून सुरू करावं?

दोन-अडीच वर्षांपासून. मात्र या वयाचं कागदकाम म्हणजे फाडणं आणि चुरगाळणं. त्याला पसारा समजू नका. कागद फाडताना दोन हात दोन दिशांना जातात, अंगठा आणि तर्जनी मिळून चिमूट धरतात. पुढे कात्री आणि पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते.

वर्तमानपत्राचं एक पान मुलाच्या हातात द्या आणि वरून खाली फाडायला सांगा. सरळ, लांब पट्टी निघेल. आता तेच पान आडवं फाडायला सांगा. फाट वाकडी जाते, मध्येच तुटते. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. त्या दिशेने कागद सहज फाटतो, उलट दिशेने अडतो. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, चार पट्ट्या फाडल्या की हाताला कळतं. एक चार वर्षांची मुलगी मला म्हणाली होती, "बाई, कागदाला पण इकडून जायचंय, तिकडून नाही जायचंय." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

कात्री कधी द्यावी? भीती वाटते.

तीन वर्षं पूर्ण झाली की गोल टोकाची छोटी कात्री द्यायला हरकत नाही. तुम्ही शेजारी बसलेलं असायला हवं. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या, म्हणजे एकदा कात्री मिटली की तुकडा पडतो. चौथ्या वर्षाच्या आसपास सरळ रेघेवरून कापता येतं. गोल कापणं बहुतेक मुलांना पाचव्या वर्षी जमायला लागतं. अंगठा वरच्या बाजूला ठेवायचा आणि गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा, एवढं सुरुवातीपासून दाखवा.

मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री आणा. नेहमीच्या कात्रीने डाव्या हाताने कापताना पातं रेघ झाकतं आणि कागद दुमडतो. मग मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

सामान काय काय आणावं? खूप खर्च येतो का?

स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागद, पतंगी कागद, क्रेप कागद आणि दोन-तीन कार्डशीट एवढं घेतलं तरी सुट्टी निघते. बाकीचं घरात असतं: रद्दी, बिस्किटांच्या खोक्यांचा पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, दोरा, टिकल्या. जुन्या लग्नपत्रिका तर टाकूच नका. गुढीच्या वस्त्राला लागणारे सोनेरी काठ, गणपतीचं छोटं चित्र, जाड मऊ कागद, सगळं एकाच पत्रिकेत मिळतं.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्याबरोबर ते कोसबाडला नेलं. पानं, बिया, खडे, माती असं आसपास मिळेल ते त्यांनी शिक्षणाचं साधन मानलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून किती खेळणी केली, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. महागडा क्राफ्टचा संच आणला नाही म्हणून मुलाचं काही कमी होत नाही. उलट त्या संचात सगळं आधीच कापून ठेवलेलं असतं आणि मुलाला फक्त चिकटवायचं उरतं.

दोन गोष्टी मात्र घेऊ नका. एक म्हणजे थर्माकोल, त्याच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. दुसरी चमकी. ती प्लास्टिकची असते, डोळ्यांत जाते आणि घरातून महिनाभर निघत नाही.

घरच्या घरी चिकटवायला काय करावं?

खळ. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक झाक आली आणि चमच्याला धरायला लागली की उतरवा. गार झाल्यावर वापरा, उरलेली फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे. तो विषारी असतो. मुलांच्या खळीत तो मुळीच नको.

खळ असो की फेव्हिकॉल, बोटाच्या टोकावर मावेल एवढा ठिपका पुरतो. पतंगी कागदाला जास्त लागलं की तो गळून फाटतो.

कागदाची गुढी कशी करायची?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगते. आधी खरी गुढी कशाकशाने सजते ते मुलाला दाखवा. कडुलिंबाची एक डहाळी हातात द्या. पानं समोरासमोर कशी आलीत, कडा करवतीसारख्या कशा आहेत, एक पान चावलं तर तोंड कसं होतं, हे सगळं कागदाला हात लावण्याआधी व्हायला हवं. ज्याने कडुलिंब हातात घेतलाय, त्याच्या कागदी पानालाही दाते असतात.

काठीसाठी वर्तमानपत्राचं एक पान घ्या. एका कोपऱ्यावर विणकामाची सुई किंवा खराट्याची काडी ठेवा आणि तिरकं घट्ट गुंडाळत जा. शेवटचा कोपरा खळीने चिकटवा आणि सुई ओढून काढा. ही नळी आश्चर्य वाटावं इतकी ताठ होते. गुंडाळायला दोघं लागतात, मोठ्याने घट्ट धरायचं आणि लहानाने तळव्याने लोटायचं.

वस्त्रासाठी घोटीव किंवा पतंगी कागदाचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या. लग्नपत्रिकेचा सोनेरी काठ खालच्या कडेला आधीच चिकटवा, घड्या घातल्यावर तो नीट बसत नाही. मग साधारण एक सेंटीमीटरची एक घडी पुढे, एक मागे अशा पंख्यासारख्या चुण्या करा. चार वर्षांच्या मुलाला पुढे-मागे लक्षात राहत नाही. त्याने फक्त घडी नखाने दाबायची, कागद तुम्ही उलटायचा. "दाब, पलट, दाब, पलट" असं तालात म्हणत गेलं की पाच-सहा चुण्यांनंतर ते स्वतःच पलटायला लागतं. वरचं टोक दोऱ्याने बांधलं की खाली निऱ्या फुलतात.

कडुलिंबासाठी बारा-तेरा सेंटीमीटर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद हिरवी पट्टी लांबीला दुमडा. उघड्या कडेकडून घडीकडे तिरके काप द्यायचे, घडी कापायची नाही. उलगडलं की दोन्ही बाजूंना पानं आलेली डहाळी तयार. मुलांच्या हातून एकदा तरी घडी कापली जाते आणि डहाळीचे दोन तुकडे होतात. ते तुकडे एकाखाली एक चिकटवा, डहाळी आणखी लांब होईल. आंब्याची पानं सोपी, दुमडलेल्या कागदावर अर्धं पान काढून कापायचं.

साखरगाठीसाठी रुपयाच्या नाण्याभोवती पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या कागदावर गोल काढा. दोरा जमिनीवर सरळ ठेवायचा, त्याच्या खाली एक गोल आणि वर दुसरा, मध्ये खळीचा ठिपका. दोरा दोन गोलांच्या मध्ये अडकतो आणि भोकं पाडायचा प्रश्न मिटतो. गोल कापता येत नसतील तर पांढऱ्या कागदाचे चुरगाळलेले बोळे चिकटवा, तेही गाठींसारखे दिसतात. हार लहान-मोठा झाला तर होऊ द्या.

गडूसाठी टपरीवर मिळतो तसा चहाचा छोटा कागदी कप घ्या आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळा. बोटाने कुंकवाच्या रेघा ओढायला मुलांना फार आवडतं. काठीला आधी वस्त्र, कडुलिंब आणि आंब्याची पानं बांधा, मग गाठी, आणि सगळ्यात शेवटी गडू उलटा घाला. खरी गुढीही याच क्रमाने सजते. तांदूळ किंवा वाळू भरलेल्या वाटीत रोवली की उभी राहते.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही. आम्ही तीन दिवस घ्यायचो. पहिल्या दिवशी काठी आणि वस्त्र, दुसऱ्या दिवशी पानं, पाडव्याच्या आदल्या दिवशी गाठी आणि गडू.

ही कागदी गुढी पूजेत ठेवलेली चालते का?

प्रत्येक घराची रीत वेगळी असते, ती मोडा असं मी सांगणार नाही. माझं मत विचाराल तर मोठ्या गुढीशेजारी पाटावर मुलाची गुढी ठेवा आणि तिलाही हळद-कुंकू वाहा. आपल्या हाताने केलेली वस्तू घरातल्या मोठ्यांनी पाटावर मांडली, हे मूल विसरत नाही.

होळी-रंगपंचमीला रंगांचा पसारा न करता काय करता येईल?

पसारा थोडा होणारच. पण दोन गोष्टी अशा आहेत की त्यांना रंगाच्या पेटीची गरज लागत नाही.

पहिली क्रेप कागदाची. त्याचा रंग पाण्याने उतरतो. पांढरा ड्रॉइंगचा कागद ब्रशने ओला करा. मुलाने लाल, निळ्या, पिवळ्या क्रेपचे तुकडे फाडून त्यावर पसरायचे आणि वरून पुन्हा पाणी लावायचं. दहा-पंधरा मिनिटांनी तुकडे उचला, खाली रंग उतरलेले असतात. पिवळा आणि निळा जिथे भेटले तिथे हिरवा दिसतो. बोटं रंगतात, म्हणून जुने कपडे घाला. कागद वाळला की त्यातून पिचकारी, माठ, फुगा असे आकार कापून शुभेच्छापत्रं करा.

दुसरी गोष्ट मुलांना जादूच वाटते. चमचाभर हळद अर्ध्या वाटी पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. आता कापसाचा ओला बोळा अंगाच्या साबणाच्या वडीवर फिरवून त्या पिवळ्या कागदावर रेघ ओढा. रेघ लालसर उमटते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानेही होते, जरा फिकी. लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी. हळद कडवट-बुळबुळीत, म्हणजे अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. हळदीत चुना मिसळला की तिचं कुंकू होतं, हे घरातल्या आजीला विचारून बघा. मुलाला आजीकडून ऐकायला मिळालं तर उत्तम. साडेतीन वर्षांचा एक मुलगा साबणाची रेघ लाल झालेली बघून पळत हात धुवायला गेला, त्याला वाटलं आपल्याला लागलं. म्हणून आधी एकदा तुम्ही करून दाखवा. हळदीचा डाग कपड्यावर पडला तर साबणाने तोही लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात वाळवला की फिका पडत जातो.

वसंतातली झाडं आणि पाखरं कागदात कशी आणायची?

आधी बाहेर चक्कर मारा. फाल्गुनात पळसाला एकही पान नसतं आणि काळपट फांद्यांवर नुसती केशरी फुलं असतात. म्हणून चित्रातही आधी काळ्या-तपकिरी कागदाची फाडलेली फांदी चिकटवा. केशरी घोटीव कागदाचे अंगठ्याएवढे तुकडे फाडून मधोमध चिमटीने दुमडा, एक टोक चिकटवा आणि दुसरं मोकळं सोडा. टोक जरा वाकवलं की पोपटाच्या चोचीसारखं दिसतं. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, तो पोपटासारख्या दिसणाऱ्या या फुलामुळेच. खाली काळसर निमुळता देठ काढायला विसरू नका. पानं नंतर येतात, तेव्हा त्याच चित्रात तीन-तीनच्या झुपक्यांनी चिकटवायला मुलांना पुन्हा बसवता येतं. "पळसाला पानं तीनच" हे मग त्यांना मोजूनच कळतं.

कोकीळ त्याहून सोपा. नर काळा कुळकुळीत आणि डोळा लाल. काळ्या कागदाचा पाखराचा आकार कापा आणि डोळ्याच्या जागी लाल टिकली लावा. मादी काळी नसते. ती तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. कान कोरायच्या काडीचा कापूस पांढऱ्या रंगात बुडवून ठिपके द्यायचे. बहुतेक मोठ्या माणसांनाही मादी ओळखू येत नाही, त्यामुळे मुलं ही गोष्ट घरभर सांगत फिरतात. कोकिळा अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून घरटं करायचं तर रद्दीच्या पट्ट्यांचं कावळ्याचं घरटं करा.

वैशाखाकडे सरकलात की बहावा फुलतो. पिवळ्या कागदाचे गोल दोऱ्याला लावले की त्याचे लोंबते घोस होतात. साखरगाठीचं तंत्र तेच.

चैत्रांगण लहान मुलांना जमेल का?

पूर्ण चैत्रांगण, म्हणजे चैत्रगौरीसाठी काढतात ती अनेक आकारांची रांगोळी, नाही जमत. त्यातले निवडक आकार जमतात. पुठ्ठ्याला गेरू लावून वाळवा. सूर्य, चंद्र, कासव, गोपद्म, कैरी असे आकार पांढऱ्या कागदातून मुलांनी कापायचे किंवा फाडायचे आणि झोपाळ्यातल्या गौरीभोवती चिकटवायचे. गौर तुम्ही काढा. तीन वर्षांच्या मुलाला ठिपके दिले तरी तो खूश असतो. हळदीकुंकवाच्या दिवशी कैरीच्या डाळीच्या ताटाशेजारी हा पुठ्ठा उभा केला की येणारी प्रत्येक बाई त्याच्यापाशी थांबते.

आमचं भिरभिरं फिरतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा भोक घट्ट असतं. पंधरा सेंटीमीटरचा चौरस घ्या. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे सात-आठ सेंटीमीटर काप द्या, म्हणजे प्रत्येक कापाच्या टोकापासून मध्यापर्यंत जवळपास तीन सेंटीमीटर कागद अखंड राहतो. एकाआड एक टोक मध्यावर आणा. दाबून घडी घालू नका, पाती फुगलेलीच राहू द्या. वारा त्यांतच भरतो. टाचणीपेक्षा भोक मोठं हवं आणि भिरभिरं व काडी यांच्यामध्ये एक मणी हवा, नाहीतर कागद काडीला घासतो. टाचणीचं टोक मोठ्याने वाकवून त्यावर चिकटपट्टी लावायची. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात टाचणी आणि मणी असलेलं भिरभिरं देऊ नका.

चौरस नसेल तर झेरॉक्सच्या ए-फोर कागदाची छोटी कड लांब कडेवर दुमडा. 21 सेंटीमीटरचा चौरस मिळतो आणि पावणेनऊ सेंटीमीटरची पट्टी उरते. त्या पट्टीच्या पताका होतात.

मूल पाच मिनिटांत उठून जातं.

जाऊ द्या. तीन वर्षांच्या मुलाची पाच मिनिटं पुष्कळ झाली. सगळं एका ताटात ठेवा आणि ताट त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. ते परत येतं.

माझ्या मुलाचं काम फार वाकडंतिकडं होतं. थोडं नीट करून दिलं तर?

नका करू. हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी पाडव्याच्या आधी पालक बघायला येणार होते. साडेचार वर्षांच्या एका मुलाच्या गुढीचा गडू एका बाजूला कलला होता, तो मी मुलं गेल्यावर काढून सरळ बसवला, चुण्याही जरा ओढून नीट केल्या. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या गुढ्या पाहिल्या आणि आईला सांगितलं, "माझी इथे नाहीये." त्याच्या नावाची चिठ्ठी दाखवली तरी त्याने ती गुढी घरी नेली नाही. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मुलांच्या कामाला त्यांच्या मागे मी हात लावला नाही.

मदत करायची तर काम चालू असताना करा, विचारून करा आणि तुमच्या स्वतःच्या कागदावर करून दाखवा.

आम्ही परदेशात असतो. कडुलिंब मिळत नाही, पाडव्याला सुट्टीही नसते.

तिथे कागदी गुढीचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. पाडवा आठवड्याच्या मधल्या वारी आला तर कागदाची गुढी सकाळी शाळेच्या आधी पाच मिनिटांत उभी राहते, उत्सव शनिवारी मंडळात होईलच. कडुलिंबाचं झाड नसेल तर फोटोवरून पान काढा. तिथल्या वसंतातली फुलंही करा, डॅफोडिल, चेरी, जे खिडकीतून दिसतं ते.

वसई आणि गोव्यातली ख्रिस्ती घरं याच सुमारास ईस्टरच्या तयारीत असतात. आधीच्या रविवारी झावळीच्या पात्यांचे विणलेले क्रूस हातात असतात. ती वीण मुलांना कागदी पट्ट्यांवर आधी शिकवता येते, एक पट्टी वरून, एक खालून, चटईसारखी. शेजारच्या घरातली मुलं एकत्र बसली तर दोन्ही सणांचं काम एकाच चटईवर होतं.

सण झाल्यावर या वस्तूंचं काय करायचं?

मोठी गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवतात, तेव्हा मुलाची गुढीही त्याच्याच हाताने उतरवू द्या. वाटीतले तांदूळ डब्यात परत घाला. एक-दोन वस्तू मुलाला निवडायला सांगून खोक्यात ठेवा, मागे तारीख आणि वय पेन्सिलीने लिहा. बाकीच्यांचे दोरे, टाचण्या आणि मणी काढून कागद रद्दीत द्या. काठी मात्र बहुतेक मुलं देत नाहीत. सुट्टीभर ती कधी बॅट असते, कधी दुर्बीण.